तळ्याकाठची ये-जा

फाल्गुन लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. संध्या, माझी बायको, नागपूरची. ती म्हणते, "काहून येरझारा मारून राहिले हो तुम्ही? फरशी झिजून जाईन." तिचा माझ्यावरचा सगळा राग फरशीच्या काळजीतून बाहेर पडतो. मग मी खुंटीवरचा पट्टा काढतो. त्याची कडी वाजली की आतल्या खोलीतून चिंधी येते. नऊ वर्षांची झाली आता, तोंडाभोवती पांढरी पडली, पण कडीचा आवाज ऐकला की शेपटीला वय राहत नाही. आम्ही दोघं बाहेर पडतो. कोण कोणाला फिरवायला नेतं, हा प्रश्न आमच्या घरात अजून निकाली निघालेला नाही.

रायपूरच्या आमच्या शंकर नगरातून निघालं की दहा मिनिटांत तेलीबांध्याचं तळं लागतं. तळ्याभोवती पेव्हर ब्लॉकची वाट आहे, कडेला रेलिंग, बाकं, दिवे, आणि सगळ्यांच्या वर तो मोठा झेंडा. लोक ह्या जागेला मरीन ड्राइव म्हणतात. समुद्र इथून कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे कोणी विचारत नाही. मीही विचारत नाही. संध्याकाळी इथं अर्धं रायपूर चालायला येतं आणि उरलेलं अर्धं, चालून आलेल्यांना चाट-मोमोज विकायला.

फाल्गुनात तळं जरा खाली बसतं. घाटाच्या पायऱ्यांवर हिरवट रेघ दिसायला लागते आणि तिच्याखालची एक ओली पायरी उघडी पडते. वाऱ्याला दिशा नसते. आत्ता पाण्यावरून येतो, आत्ता रस्त्यावरून धूळ घेऊन. पिंपळाची पानं ब्लॉकवरून खरखरत पळतात आणि चिंधी प्रत्येक पानाची चौकशी करते. थंडी गेलेली असते, ऊन पुरतं आलेलं नसतं, कूलर उतरवावा की नाही यावर घरोघरी मतभेद असतात. आणि परीक्षा. ह्या दिवसांत तळ्याकाठी वही घेऊन चालणारी पोरं-पोरी हमखास दिसतात. ओठ हलताहेत, डोळे वर, एका बोटानं पान धरलेलं. त्यांच्या अंगावरून जाताना एखादी व्याख्या अर्धीच कानावर पडते. उरलेली अर्धी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात भुणभुणत राहते.

सहा वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात माझी पोरगी बारावीला होती. तिचं नाव शलाका, घरात शलू. आमच्या आईला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. पौषात गेली ती, थंडीनं. त्याआधी चिंधीला फिरवायचं काम आजी-नातीचं होतं. आजी गेली, नात अभ्यासाला बसली आणि पट्टा माझ्या हातात आला. मला कुत्र्याची हौस कधीच नव्हती. पण घरात बसून शलूच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहण्यापेक्षा ते बरं होतं.

चिंधी घरात आली ती पंडरीच्या कापड बाजारातून. संध्या आणि शलू पडद्याचं कापड घ्यायला गेल्या होत्या. एका दुकानाबाहेर कापडाच्या कात्रणांचा ढीग होता, त्यात हे पिल्लू झोपलं होतं. पडद्याचं कापड राहिलं बाजूला, पिल्लू घरी आलं. आईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "अवं, हे तं चिंधी होय." झालं, बारसं आटोपलं. नाव ठेवलं आईनं, म्हणून हक्कही तिचाच. दिवसभर तिचं चिंधीशी बोलणं चालायचं. "ये वं, चिंधे." "सरक तिकडं, पाय पडन." "काहून भुकून राह्यली? कोनी नाई तिथं." चिंधी कान टवकारून ऐकायची आणि सांगितलं तसं करायची. आमच्या घरात आईचं सगळं ऐकणारी ती एकटीच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दोष माझा आहे. मी सरकारी कचेरीत नोकरी करतो. दिवसभर हिंदीत टिपण्या लिहितो आणि दुसऱ्यांच्या टिपण्यांतल्या चुका काढतो. घरी आलो की शुद्ध मराठीचा झेंडा खांद्यावर. आमच्या भागातल्या गणेशोत्सवात मराठी निबंध तपासायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. लाल पेन माझ्या खिशाला लागूनच असायचं. फ्रिजवर मी एक कागद लावला होता: 'घरात मराठीच बोलावे.' त्याच्याखाली शलूनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ओके.' तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता तो कागद आठवला की हसू येतं, आणि ते पुरतं हसू नसतं.

कारण शलू माझ्याशी मराठीत बोलत नव्हती. समजायचं तिला सगळं. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. "जेवलीस का?" "हाँ पप्पा, खा लिया." "पेपर कसा गेला?" "ठीक था." इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालतं, हे मला माहीत होतं. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, गल्ली हिंदी. पण आपलं पोर ते आपलं पोर. दुसऱ्याच्या घरी चालतं म्हणून मनाची समजूत पटत नाही. मी रागवायचो, टोमणे मारायचो. "पुण्याला गेलीस तर तोंड कसं उघडशील?" असं म्हणायचो. ती मान खाली घालून पुस्तकात बघायची. त्या वर्षी ती बारावीनंतर पुण्याला जाणार हे जवळपास ठरलं होतं, आणि मला आतून एकच धास्ती लागली होती: ही जाईल, आणि माझ्याशी एक वाक्य मराठीत न बोलता जाईल. माणसाला हव्यास तरी कशाचा असावा! कुणाला मुलीचे मार्क हवे असतात, कुणाला जावई. मला एक वाक्य हवं होतं.

मग मी तळ्यावर जायचो. तिथं चिंधी माझं काही ऐकायची नाही. "चल" म्हटलं की बसायची, "रुक" म्हटलं की ओढायची, "बैठ" म्हटलं की माझ्याकडे बघून जांभई द्यायची. बाहेर पडलं की माझी जीभ आपोआप हिंदीत वळते, अजूनही वळते. चारचौघांत मराठी बोललं की लोक वळून बघतात असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. तळ्यावरचा गार्ड, मिशा पिकलेला, गळ्यात शिट्टी, मला रोज तेच सांगायचा, "कुकुर ला बने धर के रेंगव साहब." नीट धरून चाला, साहेब. मी "हव" म्हणायचो. हे एक छत्तीसगढी 'हव' मात्र माझ्या तोंडून लाजत नाही; 'हो' म्हणायला तेवढं सोपं दुसरं काही नाही. घरी येऊन मी शलूला म्हणालो होतो, "तुझं कुत्रं बहिरं आहे." ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बहरी नहीं है वो." आणि जरा हसली. मी ते हसू सोडून दिलं.

लाज म्हटलं की मला गुढियारी आठवते. बाबा रेल्वेत फिटर होते आणि आमचं क्वार्टर त्या बाजूला होतं. मालगाड्यांचे डबे एकमेकांना आपटायचे तो आवाज आमच्या झोपेचाच भाग होता. आई अकोल्याकडच्या खेड्यातली. तिला हिंदी कधी आली नाही, आणि ती आली पाहिजे असं तिला कधी वाटलंही नाही. बाजारात ती आपल्या वऱ्हाडीत भाव करायची, भाजीवाली छत्तीसगढीत उत्तर द्यायची, आणि दोघी हसत हसत मोकळ्या व्हायच्या. मी तेव्हा आठवी-नववीत. वर्गातलं कोणी दिसलं तर, म्हणून मी आईच्या दहा पावलं पुढं चालायचो. ती मागून हाका मारायची, "थांब नं रे, पोट्ट्या! मी येतो नं!" आई स्वतःला 'येतो', 'जातो', 'करतो' असंच म्हणायची. तिच्या गावाकडच्या सगळ्या बायका तसंच म्हणत. मी पुढं पुस्तकातली मराठी शिकलो आणि मग मला आईच्या दहा पावलं पुढं चालण्यासाठी बाजाराची गरज राहिली नाही.

त्या दिवसांत होळी जवळ आली की नगाडेवाले येत, अजूनही येतात. रस्त्याच्या कडेला रांगेनं बसतात, पेंढा पेटवून नगाड्याचं कातडं तापवतात आणि ताणलं गेलं की नाही ते वाजवून बघतात. एकानं वाजवलं की दुसऱ्याचा हात शिवशिवतो. मग गल्लोगल्ली फाग, होळीची गाणी, सुरू होतात. मला तो आवाज आवडतो. परीक्षेच्या दिवसांत मात्र घरोघरी आईबाप खिडक्या लावून घेतात आणि नगाड्यांच्या नावानं बोटं मोडतात.

शलूचा दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर होता. दिवेलागणीची वेळ. मी आणि चिंधी घाटाजवळ होतो आणि मागच्या रस्त्यानं एक छोटा ट्रक आला, वर दहा-बारा जण आणि नवे घेतलेले नगाडे. ऐन आमच्या पाठीमागं त्यांनी एकदम ठेका धरला. चिंधी उडाली. मी पट्टा ओढला, ती मागं सरकली, मान वाकवली, आणि गळपट्टा तिच्या कानांवरून अलगद निघून माझ्या हातात आला. पट्टा हातात, गळपट्टा पट्ट्याला, आणि गळपट्ट्यात कोणी नाही. गर्दीत पायांमधून एक तांबडी शेपटी दिसली आणि मग तीही दिसली नाही.

मी तळ्याला दोन चकरा मारल्या. पळण्याचं माझं वय नाही, पण पळालो. "चिंधी! आ! आ जा! इधर आ!" गार्ड शिट्टी फुंकत माझ्यासोबत आला. त्या शिट्टीनं ती आणखी लांब जाईल हे त्याला सांगायला मला श्वास नव्हता. "काबर भागिस?" त्यानं विचारलं. का पळाली म्हणून. मी रस्त्याकडे हात केला. "मिल जाही साहब, मिल जाही." सापडेल, सापडेल. भेळेवाला "आ आ आ" करायला लागला, दोन कॉलेजच्या मुली "चिंधी बेबी" म्हणून हाका मारायला लागल्या. सगळं तळं तिला बोलवत होतं आणि ती येत नव्हती. पलीकडे मोठा रस्ता, गाड्यांची रांग. मी प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला थांबत होतो.

संध्याला फोन केला. ती म्हणाली, "शलूले सांगू नका. उद्या पेपर आहे पोरीचा. आधी शोधा." मी हो म्हटलं आणि टॉर्च घ्यायला घरी गेलो. चोरपावलानं जाऊ, टॉर्च घेऊ आणि निघू, असा बेत. दार शलूनंच उघडलं. तिची नजर आधी माझ्या हाताकडे गेली. रिकामा गळपट्टा मी खिशात घालायचं विसरलो होतो.

ती ओरडली नाही. चपला पायात सरकवून म्हणाली, "चलिए." संध्या मागून "अवं, पेपर..." म्हणेपर्यंत ती स्कूटरवर मागं बसलीसुद्धा. सिग्नलला तिनं विचारलं, "आपने कैसे बुलाया उसको?"

"कसं म्हणजे? हाका मारल्या."

"कौन-सी भाषा में?"

मी चिडलो. कुत्रं हरवलंय आणि पोरगी भाषा विचारते! "आता चारचौघांत काय... हिंदीतच. आ जा, इधर आ, असंच."

"पप्पा," ती म्हणाली, "उसको हिंदी नहीं आती."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवत होता.

तळ्यावर तिनं कोणाला काही विचारलं नाही. घाटाच्या पायऱ्या उतरली. खाली, काठाला, दुरुस्तीला काढलेली एक पायडल बोट उलटी पडलेली असायची. चिंधीची लपायची जागा शलूला ठाऊक असणार; ती बोटीजवळ उकिडवी बसली. मी टॉर्च मारायला गेलो तर हातानं खाली करायला लावला. आणि मग ती बोलायला लागली.

"चिंधे. ये वं. ये माय. गेले ते लोकं. कोनी नाई मारत तुले. ये नं. मी आलो नं आता. मी आलो."

आवाज शलूचा होता, पण बोलणं आईचं. हेल तोच, 'ये'वर थांबायची जागा तीच. दोन महिने आमच्या घरातून जे गेलं असं मी समजत होतो, ते इथं घाटावर उकिडवं बसलं होतं. बोटीखाली आधी काहीच हललं नाही. मग नखांचा आवाज आला. चिखलात पोटापर्यंत भरलेली चिंधी सरपटत बाहेर आली आणि शलूच्या मांडीत डोकं खुपसून थरथरत राहिली. शलू तिला पाठीवर थोपटत होती. "झालं, झालं वं, माय. चाल घरी." आणि ती चालली. 'चल' म्हटल्यावर बसणारी 'चाल' म्हटल्यावर उठून निमूट निघाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

गार्ड वरून म्हणाला, "मिलगे न?" मी मान हलवली. तोंडातून 'हव' निघेना.

परतताना चिंधी दोघांच्या मध्ये स्कूटरवर कशीबशी बसवली होती, म्हणून मी अगदी हळू चालवत होतो. मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी जे बोललो ते हे: "तू आजीसारखं बोललीस."

मागून उत्तर आलं, "आजी जैसा ही तो बोलती थी मैं. पहले. आप लोग हँसे थे."

मला एकदम आठवलं. त्याआधी चार-पाच वर्षं होऊन गेली होती. माझे साडू, संध्याच्या बहिणीचे यजमान, पुण्याहून आले होते. बैठकीत चहा चालला होता. शलू तेव्हा बाराएक वर्षांची, शिकवणीला निघाली आणि दारातून म्हणाली, "मी येतो काका." आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, एवढं तिला आजीनं बरोब्बर शिकवलं होतं. साडू म्हणाले, "येतो? अगं, तू मुलगी ना? येते म्हणायचं, येते!" आणि ते हसले. तेवढ्यावर राहिलं असतं. पण मला त्यांच्यापुढे माझी मराठी दाखवायची होती. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "रायपुरात राहून आमची मुलगी मुलगा झाली हो!" सगळी बैठक हसली. शलू दारातच उभी राहिली, मग सायकल काढून गेली. आई आतल्या उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. ती हसली नाही. तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी पोरीची चूक काढली होती आणि ती चूक नव्हतीच. ती माझ्या आईची भाषा होती. एका शब्दात मी दोघींना हसलो होतो, आणि दोघींनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही. एकीनं हिंदी धरली आणि दुसरीनं आपलं बोलणं कुत्र्याला दिलं. नात आणि आजी रोज संध्याकाळी चिंधीला घेऊन बाहेर का पडत, आणि परतताना इतक्या हसत का येत, ते मला त्या स्कूटरवर कळलं. चिंधी चुका काढत नव्हती ना.

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. 'माफ कर' असं म्हणायला हवं होतं. शंकर नगर आलं, घर आलं, संध्या दारात उभी होती, चिंधीच्या अंगावरचा चिखल, दुसऱ्या दिवशीचा पेपर. ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचा कागद काढला. माफी मागायची माझी हिंमत तेवढीच.

शलू पुण्याला गेली. पेपर बरा गेला होता, सगळंच बरं झालं. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा चिंधीही आली होती. शलू माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "चलती हूँ पप्पा." मग खाली वाकून चिंधीच्या कानात म्हणाली, "येतो वं." मी तिथंच उभा होतो, दीड हातावर. ते 'येतो' मी नीट ऐकलं. माझं नव्हतं, पण ऐकलं.

तेव्हापासून सहा फाल्गुन झाले. ती तिथंच नोकरीला लागली. दिवाळीला येते, चार दिवस राहते, संध्याच्या हातचं खाते, चिंधीच्या मानेत तोंड घालून झोपते. माझ्याशी प्रेमानं वागते, तक्रार नाही. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिचा फोन येतो. "क्या कर रहे हो पप्पा? खाना हुआ? बीपी की गोली ली?" मी मराठीत उत्तरं देतो. पुण्यात राहून मराठी पक्की झाली असेल, असं मी एकदा अंदाज घेत म्हणालो. ती म्हणाली, "यहाँ ऑफिस में सब हिंदी-इंग्लिश ही बोलते हैं." दोन-तीनदा ठरवलं की फोनवर सांगून टाकू, तेव्हा मी चुकलो. पण अशा गोष्टींना सुरुवात कुठून करायची? गोळी घेतली, जेवलो, आणि हो, अकरा वर्षांपूर्वी मी हसलो होतो त्याबद्दल... असं? फोन ठेवला की पुन्हा घरभर येरझारा. परीक्षेच्या दिवसांत पोरांना अभ्यास राहिल्याचं स्वप्न पडतं म्हणतात. मला माझा पेपर कोरा दिल्याचं पडतं.

आज पण तेच झालं. संध्यानं फरशीची काळजी केली, मी पट्टा काढला, चिंधी आली. तळ्यावर गर्दी होती. वहीवाली एक मुलगी माझ्या पुढं चालत होती, तिची आई पाण्याची बाटली घेऊन दहा पावलं मागं. वारा सैरभैर. सहा वाजता फोन वाजला. एका हातात पट्टा, म्हणून मी स्पीकर लावून तो शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. "हाँ बेटा," म्हणालो. घराबाहेर जीभ अजून हिंदीतच वळते.

"कहाँ हो पप्पा? तालाब पे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून ठेका आला. रस्त्याच्या कडेला कोणीतरी नवा नगाडा तापवून बघत होतं. चिंधी जागच्या जागी बसली. मागचे पाय थरथरायला लागले. आता तिला पळवत नाही, म्हातारी झाली. तिनं नुसतं अंग चोरलं, रेलिंगच्या कोपऱ्यात मुटकुळं केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चल, चल चिंधी, कुछ नहीं है." ती हलली नाही. पुन्हा नगाडा. तिच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला.

तेव्हा मी खाली बसलो. गुडघे कटकट वाजले. ब्लॉकवर पाय मुडपून बसलेला ऑफिसचा साहेब बघून जॉगिंगवाले बाजूने वळून गेले. वहीवाली मुलगी थांबली. तोच मिशीवाला गार्ड, अजून तिथंच आहे, शिट्टी तोंडाजवळ नेऊन थांबला. मी कोणाकडे बघितलं नाही. चिंधीच्या कपाळावर हात ठेवला, आणि तोंडातून आपोआप निघालं, मोठ्यानं, नगाड्याच्या वर:

"भिऊ नको वं, चिंधे. कोनी नाई मारत तुले. वाजवून राह्यले नुसते, येडे होत ते. ये, इकडं ये. मी आहो नं. मी आलो नं, माय."

हे शब्द मी पन्नास वर्षं ऐकले होते, उच्चारले कधीच नव्हते. तोंडात नीट बसत होते. चिंधीनं मान वर केली. मी तसाच बोलत राहिलो, काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. गुढियारीच्या बाजारात मला जे ऐकू येऊ नये असं वाटायचं तेच सगळं असणार.

नगाडा थांबला. आणि मग खिशाकडे लक्ष गेलं. फोन सुरूच होता.

"शलू?"

मला वाटलं कटला. मी तो काढून बघितला, सेकंद पुढं सरकत होते.

"पप्पा," ती म्हणाली. "हे तुम्ही बोलून राह्यले होते?"

"हो," मी म्हणालो. "मीच."

"नगाडे होय का?"

"हो."

"मानेले नका धरू तिच्या. छातीखालून हात घाला. आजी तसंच धरे."

मी छातीखालून हात घातला. चिंधीचं काळीज फडफडत होतं. "धरलं," मी म्हणालो. आणि मग, पट्टा सोडायचा नाही म्हणून दोन्ही हात अडकलेले असताना, फोन मांडीवर, सांगून टाकलं. "शलू, तेव्हा मी हसायला नको होतं. तुझं बरोबर होतं. आजीचं बरोबर होतं."

पलीकडे पुण्याच्या कुठल्या तरी रस्त्याचा आवाज येत होता. तिनं नाक ओढलं. वहीवाली मुलगी पुन्हा ओठ हलवत निघून गेली, तिची आई मागोमाग.

"होळीले येतो मी," शलू म्हणाली.

आणि थांबली. ती कशासाठी थांबली होती ते मला कळलं. त्या दिवशी साडूंसमोर दारात उभी राहिली होती तशीच ती तिकडे उभी होती.

"ये," मी म्हणालो.

चिंधीला वाटलं, तिलाच म्हटलं. ती उठली आणि माझ्या मांडीत येऊन बसली.